फॅक्टरीतून निघाली तशी: १९६९ ची कॅमेरो मूळ रूपात आणताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेव्हरलेने १९६९ या मॉडेल-वर्षाच्या २,४३,०८५ कॅमेरो बनवल्या. अमेरिकन मसल कार म्हटलं की डोळ्यांसमोर येणाऱ्या गाड्यांपैकी ही एक. तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा, रबर आणि बिल्ला आज नव्याने बनतो. त्यामुळे भाग मिळवण्यापेक्षा जास्त डोकं लागतं ते आपल्या गाडीवर फॅक्टरीत कोणता भाग बसला होता हे ठरवायला. खालची उत्तरं व्ही-८ इंजिनच्या १९६९ च्या गाडीसाठी आहेत, त्यातही झेड/२८ (३०२ घनइंच इंजिनचा खास प्रकार) चा भाव जास्त म्हणून तिच्यावर भर आहे.

‘मूळ फॅक्टरी रूप’ म्हणजे नेमकं काय?

गाडी असेंब्ली लाइनवरून उतरली त्या दिवशी जशी होती तशी. त्यापेक्षा वाईट नको, आणि त्यापेक्षा चांगलीही नको. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पचायला जड जातो. त्या काळी लाइनवर कामगाराला एकेका कामासाठी मिनिटभराच्या आसपास वेळ मिळे. दारांच्या फटी सगळीकडे सारख्या नसत, सीलर हाताने फासलेला असे, रंगाचे तुषार नको तिथे उडालेले असत. आज अनेक गाड्यांची खालची बाजू आरशासारखी चमकवून ‘फॅक्टरी रिस्टोरेशन’ म्हणून विकली जाते. काम सुंदर असेल, पण ते फॅक्टरीचं नाही. आधुनिक इंजिन, मोठी चाकं आणि नवा एसी बसवलेल्या गाडीला रेस्टोमॉड म्हणतात. तो वेगळा छंद आहे, त्याचा इथे विषय नाही.

मूळ रंग निम्मा उडालाय, पण गाडी शाबूत आहे. उघडायची का?

घाई करू नका. मूळ रंग, मूळ सीट कव्हर आणि मूळ इंजिन शिल्लक असलेली गाडी जशी आहे तशी जपणं हाच बहुतेक वेळा योग्य निर्णय. ब्रेक, इंधनाची टाकी, रबरी होज आणि टायर एवढं सुरक्षित करा, बाकी फक्त स्वच्छ करा. पत्रा आरपार कुजला असेल किंवा गाडी आधीच दोनदा रंगवलेली असेल, तर मग पुढे वाचा.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कसा वाचायचा? त्यावरून झेड/२८ किंवा एसएस (सुपर स्पोर्ट) ओळखता येते का?

नाही. सर्वांत जास्त लोक फसतात ते इथेच.

क्रमांक तेरा अंकी असतो आणि डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल असा बसवलेला असतो (१९६७ मध्ये तो दाराच्या बिजागरीच्या खांबावर होता). उदाहरण म्हणून १२४३७९एन५ ही सुरुवात घ्या. पहिला १ म्हणजे शेव्हरले. २४ म्हणजे व्ही-८ कॅमेरो, सहा सिलिंडर असेल तर तिथे २३. ३७ म्हणजे कूपे, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. ९ म्हणजे १९६९. एन म्हणजे ओहायोमधला नॉरवूड कारखाना, एल म्हणजे कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइस. शेवटचे सहा अंक अनुक्रमांकाचे, ते ५००००१ पासून सुरू होतात.

या सगळ्यात इंजिन कोणतं होतं याचा उल्लेख कुठेही नाही. साधी व्ही-८ आणि झेड/२८, दोघींची सुरुवात अगदी एकसारखी. म्हणून ‘व्हीआयएन झेड/२८ चा आहे’ असं विकणारा म्हणाला, तर त्याला एक तर माहिती नाही किंवा भरपूर माहिती आहे.

क्रमांकाचा काही भाग बॉडीवर आणखी दोन ठिकाणी ठोकलेला असतो: हीटरच्या ब्लोअरमागे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), आणि काचेखालच्या जाळीदार काउल पॅनलच्या आत. विकत घेण्याआधी हे दोन्ही पाहण्याचा आग्रह धरा. पाटीवरचा क्रमांक आणि पत्र्यावरचा क्रमांक जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा. व्हीआयएन पाटी काढून दुसऱ्या बॉडीवर लावणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मूळ पाटीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे असतात, साधे पॉप रिव्हेट दिसले की संशय घ्या.

मग फायरवॉलवरची ट्रिम टॅग काय सांगते?

बरंच काही, पण तेही कारखान्यावर अवलंबून. या छोट्या धातूच्या पाटीवर बॉडीचा प्रकार, बॉडी क्रमांक, आतल्या सजावटीचा कोड, रंगाचा कोड आणि बनवल्याचा महिना-आठवडा असतो. ०४बी म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. रंगाचे कोड दोन अंकी: ५० डोव्हर व्हाइट, ५२ गार्नेट रेड, ५७ फॅदम ग्रीन, ६९ कॉर्टेझ सिल्व्हर, ७१ ले मॅन्स ब्लू, ७२ हगर ऑरेंज, ७६ डेटोना यलो, ७९ रॅली ग्रीन.

नॉरवूडच्या गाड्यांवर साधारण डिसेंबर १९६८ च्या मध्यापासून ‘एक्स’ कोड येऊ लागले. एक्स-३३ म्हणजे स्टाइल ट्रिमसह (बाहेरची जास्तीची चमकदार सजावट) झेड/२८, एक्स-७७ म्हणजे ती ट्रिम नसलेली झेड/२८. एक्स-६६ आणि एक्स-२२ हे ३९६ घनइंच इंजिनच्या एसएससाठी. एक्स-११ मात्र फसवा: तो फक्त स्टाइल ट्रिम सांगतो, गाडी एसएस-३५० असू शकते किंवा अगदी साधीही. व्हॅन नाइसच्या टॅगवर एक्स कोड नसतातच, त्यामुळे तिथल्या गाडीवर तो दिसला तर टॅग बनावट. नव्या टॅग छापून मिळतात हेही लक्षात असू द्या.

‘मॅचिंग नंबर’ म्हणताना कोणकोणते नंबर जुळायला हवेत?

इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्हींवर व्हीआयएनचा अंश ठोकलेला असतो, १९एन५… अशा सुरुवातीचा. तो गाडीच्या व्हीआयएनशी जुळला पाहिजे. बाकी भागांवर गाडीचा क्रमांक नसतो, तारखा असतात. तिथे क्रम पाहायचा: ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडी सगळ्यात शेवटी.

झेड/२८ च्या इंजिनवर उजव्या हेडच्या पुढच्या सपाट पट्टीवर ‘व्ही०३२२डीझेड’ असा शिक्का असू शकतो. व्ही म्हणजे फ्लिंट कारखाना, ०३२२ म्हणजे २२ मार्च, डीझेड म्हणजे ३०२ घनइंचांचं झेड/२८ चं इंजिन. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख वेगळी असते: महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा अंक. ती २२ मार्चच्या काही दिवस ते काही आठवडे आधीची हवी. नंतरची असेल तर गोष्ट तिथेच संपली.

मन्सी गिअरबॉक्सवर ‘पी९सी१२बी’ असं काही दिसेल: मन्सी, १९६९, मार्च, १२ तारीख, आणि शेवटचा बी म्हणजे एम-२१ प्रकारचा गिअरबॉक्स. ए असेल तर एम-२०, सी असेल तर एम-२२. मागच्या अॅक्सलचा कोड आणि तारीख उजव्या बाजूच्या नळीवर, पुढच्या अंगाला असते. ती गंजाखाली दडलेली असते, तारेच्या ब्रशऐवजी रंग काढायचं द्रावण आणि प्लास्टिकची खरवडणी वापरा. डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीवर ‘९ सी १४’ म्हणजे १४ मार्च १९६९. हॉली कार्बोरेटरवर लिस्ट क्रमांक (१९६९ च्या झेड/२८ साठी ४०५३) आणि त्याखाली तीन अंक: वर्ष, महिना, आठवडा.

गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली आणि अल्टरनेटर मे महिन्यातला, हे जुळत नाही. अल्टरनेटर फेब्रुवारीतला असेल तर चालतो.

इंजिनचा शिक्का खरा की नंतर ठोकलेला, कसं ओळखायचं?

फॅक्टरीत ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या यंत्राने कापला जाई. त्यामुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. तिरक्या प्रकाशात, शक्य तर भिंगाखाली पाहा. रेघा गोलाकार असतील, किंवा पृष्ठभाग गुळगुळीत असून अक्षरं मात्र टवटवीत असतील, तर पट्टी घासून शिक्का नव्याने मारलाय. अक्षरांचा आकार आणि ठोकण्याची खोलीही पाहा. जुळणीचा कोड कारखान्यात एकत्र बांधलेल्या ठशांनी मारला जाई, म्हणून त्याची ओळ सहसा सरळ असते.

यातून निघणारी सगळ्यात महत्त्वाची सूचना: इंजिन मशीन शॉपला देताना डेक घासायचा नाही, हे लेखी द्या. हेड गॅस्केट नीट बसावं म्हणून ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासणं हे त्यांचं रोजचं काम. सांगितलं नाहीत तर ते करतीलच, आणि खऱ्या झेड/२८ चा पुरावा दहा मिनिटांत लोखंडाच्या भुशात जाईल. घासणं टळतच नसेल, तर पट्टी सोडून बाकीचा भाग घासणारं दुकान शोधा. आधी पट्टीचे स्पष्ट फोटो काढून ठेवा.

कागदपत्रं कोणती शोधायची?

विक्रीचं मूळ बिल, खिडकीवर चिकटवलेला किमतीचा कागद, वॉरंटी पुस्तिकेतली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाची छोटी धातूची पट्टी, आणि लाइनवर गाडीबरोबर फिरणारी बिल्ड शीट. बिल्ड शीट कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये किंवा इंधनाच्या टाकीवर सापडते, म्हणून टाकी उतरवताना वरून हात फिरवून पाहा. गाडी कॅनडात नवी विकली गेली असेल तर तुमचं नशीब: जनरल मोटर्स कॅनडा जुन्या नोंदींवरून पैसे घेऊन दाखला देते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरलेसाठी कारखान्याकडून असा पर्यायांचा दाखला मिळत नाही. पॉन्टिॲकवाल्यांकडे ती सोय आहे, त्याबद्दल शेव्हरलेवाले थोडे जळतात.

भाग कसा बसवायचा यासाठी तीन पुस्तकं लागतातच: १९६९ चं फॅक्टरी असेंब्ली मॅन्युअल, चेसी सर्व्हिस मॅन्युअल आणि फिशर बॉडी मॅन्युअल. तिन्हींची पुनर्मुद्रणं मिळतात. असेंब्ली मॅन्युअल म्हणजे लाइनवरच्या कामगारांसाठीची रेखाचित्रं. कोणता क्लिप कोणत्या भोकात, हे तिथेच कळतं.

सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्तात मिळतेय. घ्यावी?

बहुधा नाही. मोठे भाग हरवत नाहीत, ब्रॅकेट हरवतात. झेड/२८ ला धूर कमी करण्यासाठी ए.आय.आर. हवा-पंप मूळचाच होता. बहुतेक मालकांनी पहिल्या काही वर्षांत तो काढून फेकला. योग्य तारखेचा पंप, त्याची पुली, ब्रॅकेट आणि नळ्या असा पूर्ण संच शोधायला वर्ष जातं आणि खिसा रिकामा होतो. पूर्ण पण गंजलेली गाडी आणि अपुरी पण कोरडी गाडी यांत निवड करायची वेळ आली, तर आधी हरवलेल्या भागांची यादी करून किंमत काढा. पत्रा विकत मिळतो, मार्च १९६९ ची तारीख मिळत नाही.

खोलताना काय नोंदवायचं?

धुण्याआधी फोटो. तेलकट चिखलाच्या थरानेच पन्नास वर्षं खालच्या खुणा जपलेल्या असतात: प्रोपेलर शाफ्टवरचे रंगाचे पट्टे, फायरवॉलवर तपासनिसाने मेणखडूने लिहिलेले आकडे, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरच्या रंगीत खुणा. प्रेशर वॉशर मारला की त्या गेल्या. थर केरोसीन आणि मऊ ब्रशने हळूहळू काढा, खूण दिसली की थांबा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या.

प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर जागा लिहा. सगळे एका डब्यात टाकून प्लेटिंगला दिले तर परत आल्यावर ते केवळ वजनावर विकण्याच्या लायकीचे राहतात. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते आणि फिनिशही ठरलेलं: काही काळपट फॉस्फेट, काही झिंक, काही नुसतं लोखंड.

गंज कुठे शोधायचा?

डिकीचा तळ आणि त्याच्या दोन्ही कडांचे उतार, मागच्या पॅनलचा चाकामागचा खालचा भाग, मागच्या काचेची खाच, पुढच्या मडगार्डांचं दारालगतचं खालचं टोक, दारांचा तळ, पायाखालचा पत्रा. हे सगळं दिसतं आणि सगळं बदलता येतं.

न दिसणारी तीन ठिकाणं जास्त घातक. पहिलं काउल: काचेखालच्या जाळीतून पानं आत जातात, पाणी अडतं, पत्रा आतून कुजतो. बादलीभर पाणी जाळीत ओता. पायाशी ओल आली तर समजा. दुसरं, मागच्या चाकांवरून जाणारे फ्रेम रेल, विशेषतः स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाजवळ. तिसरं, पुढची सबफ्रेम बॉडीला जिथे बोल्टने जोडते ती ठिकाणं. या गाडीला पूर्ण चेसी नाही. मागची अर्धी बॉडीच चेसीचं काम करते आणि पुढे इंजिन धरणारी वेगळी सबफ्रेम असते. त्या जोडाचा पत्रा गेला की गाडी वाकते.

रंगाखाली पुट्टी किती आहे ते जाडी मोजणाऱ्या मीटरने पाहा. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या वर गेलं की दुसऱ्यांदा रंगवलंय, हजाराच्या वर म्हणजे खाली पुट्टी.

जुना रंग सँडब्लास्टिंगने काढला तर?

सबफ्रेम, अॅक्सल हौजिंग, ब्रॅकेट यांच्यासाठी उत्तम. बॉनेट, दार, छप्पर, मागचं पॅनल यांच्यावर नको. वाळूचा मारा पत्र्याची एकच बाजू ताणतो, पत्रा फुगतो आणि मग कितीही ठोकला तरी डबडब वाजतो. सपाट पत्र्यासाठी रासायनिक द्रावण, प्लास्टिकचे दाणे किंवा हाताने घासणं. पूर्ण बॉडी ॲसिडच्या हौदात बुडवण्याची सोय काही शहरांत आहे, पण दुमडलेल्या सांध्यांत ॲसिड राहिलं तर वर्षभराने नव्या रंगाखालून ते बाहेर येतं. धुणं आणि निष्प्रभ करणं कसं करतात हे विचारल्याशिवाय बॉडी देऊ नका.

पत्रे कोणत्या क्रमाने बदलायचे?

आधी आधार. कूपेला दारांच्या चौकटीत तिरक्या नळ्या वेल्ड करा. कन्व्हर्टिबलला हे केलं नाहीत तर मधून खचलेल्या गाडीला दार कधीच बसणार नाही.

सबफ्रेम बॉडीला जोडताना ती सरळ आहे याची खात्री करायला मागच्या दोन टोकांजवळ संरेखनाची भोकं दिलेली आहेत. त्यांत ५/८ इंचाचे दांडे घालून मगच बोल्ट आवळा. नवे रबरी माउंट आत्ताच बसवा, कारण जुन्या दबलेल्या माउंटवर जुळवलेल्या फटी नव्या माउंटवर बिघडतात.

जुने पॅनल ८ मिमीच्या स्पॉट-वेल्ड कटरने सोडवा. नव्या पत्र्यात तितकीच भोकं, जुन्या टाक्यांच्याच अंतरावर पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे भोक वेल्डने भरा. वेल्ड खाली घासल्यावर त्या जागी फॅक्टरीसारखी किंचित खळगी ठेवा, सपाट करू नका. प्रदर्शनातले परीक्षक ते पाहतात. मिग वेल्डरला ०.६ मिमी तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. टाके २५-३० मिमीवर, एका टोकाला एक मग दुसऱ्या टोकाला, मध्ये हात लावता येईल इतका पत्रा गार होऊ द्या. सलग ओढत नेलं तर पत्रा लाटेसारखा होतो.

फटी जुळवण्याचा क्रम ठरलेला आहे: दार मागच्या पॅनलला, मडगार्ड दाराला, बॉनेट मडगार्डांना. आणि हे सगळं रंगाच्या आधी, दारांची नवी रबरं लावून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. नवी रबरं जुन्यांपेक्षा कडक असतात आणि दार दोन-तीन मिमी बाहेर ढकलतात. रंगानंतर हे कळलं तर कडा खरचटणार. फट साधारण ४ ते ५ मिमी हवी. ३ मिमीची एकसारखी रेघ दिसायला देखणी, पण शेव्हरलेने तशी दिली नव्हती.

पूर्ण नवी बॉडीच मिळते म्हणे?

मिळते. डायनाकॉर्न ही कंपनी १९६९ च्या कॅमेरोची पूर्ण बॉडी बनवते. रेस्टोमॉडसाठी चांगली सोय. फॅक्टरी रिस्टोरेशनसाठी मात्र नाही: जिच्यावर व्हीआयएन ठोकला होता तो पत्राच गेला, तर उरलेल्याला १९६९ ची गाडी म्हणता येत नाही, आणि जुनी पाटी नव्या बॉडीवर लावण्याचा कायदेशीर धोका वर सांगितलाच आहे.

रंग कोणता मारायचा?

फॅक्टरीचा रंग ॲक्रिलिक लॅकर होता. तो फवारून भाजत, दोष घासत आणि पुन्हा भाजत. दुसऱ्या भाजण्यात पृष्ठभाग वितळून एकसारखा होई. त्यामुळे चमक खोल पण मऊ असे. दारांच्या खालच्या कडा, डिकीच्या झाकणाची आतली बाजू अशा ठिकाणी तो खरबरीत आणि निस्तेज राही.

आज बेसकोट-क्लिअरकोट टिकतो जास्त, पण काचेसारखा दिसतो. मध्यम मार्ग म्हणजे साध्या रंगांसाठी एका थराचा युरेथेन. धातूची चमक असलेल्या रंगांसाठी, उदाहरणार्थ ले मॅन्स ब्लू, एका थरात ठिपके पडण्याची भीती असते. तिथे क्लिअरकोट मारून नंतर बारीक घासून चमक थोडी उतरवतात. लॅकर अजून मिळतो, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत वायुप्रदूषणाचे नियम आड येतात. शिवाय जाड लॅकर काही वर्षांत तडकतो.

झेड/२८ चे पट्टे रंगवलेले होते, चिकटवलेले नव्हते, आणि त्यांच्यावर क्लिअर नव्हता. नख फिरवलं की कड लागली पाहिजे. क्लिअरखाली पुरलेला पट्टा दुरूनच सांगतो की काम नवं आहे.

खालची बाजू आणि इंजिनची जागा?

फायरवॉल, सबफ्रेम, अॅक्सल हौजिंग अर्धचमकदार काळे. बॉडीच्या तळाला प्रायमर आणि कडेने आलेले बॉडीच्या रंगाचे तुषार. प्रायमरचा नेमका रंग पुस्तकात शोधण्यापेक्षा स्वतःच्या गाडीत टाकीच्या वरच्या पत्र्यावर पाहा, तिथे तो बहुधा शाबूत असतो. डिकीतला ठिपक्यांचा स्पॅटर पेंटही तसाच, सुट्या चाकाखाली मूळ नमुना मिळतो.

प्रोपेलर शाफ्ट आणि स्टिअरिंग नकल यांना रंग नव्हता, उघडं लोखंड होतं. ते तसं दिसावं आणि गंजूही नये म्हणून मॅट क्लिअर मारा किंवा अधूनमधून पातळ मेण लावा. ‘लोखंडी रंगाचा’ पेंट मारला की उन्हात लगेच कळतं.

इंजिन शेव्हरले ऑरेंज. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवूनच ते रंगवत, त्यामुळे मॅनिफोल्डवरही तुषार उडत आणि पहिल्याच फेरीत जळून जात. काही मालक ते तुषार मुद्दाम मारतात आणि प्रदर्शनापर्यंत गाडी सुरूच करत नाहीत. हौसेला मोल नाही.

ब्रेकच्या नळ्या स्टेनलेसच्या घेऊ नका. रंग चुकतो हे एक, आणि स्टेनलेस कडक असल्याने टोकाचा फ्लेअर नीट बसत नाही, जोडातून ऑइल झिरपत राहतं.

आजच्या पेट्रोलवर हे इंजिन चालेल का?

चालेल, तीन गोष्टी सांभाळून. झेड/२८ चं कॉम्प्रेशन ११:१. अमेरिकेत पंपावर मिळणारं ९१ ते ९३ ऑक्टेनचं प्रीमियम त्याला काठावर पुरतं. चढावर ठोका आला तर इग्निशन दोन-तीन अंश मागे घ्या. इंजिन उघडलंच असेल तर किंचित कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन टाका, बाहेरून काही दिसत नाही. दुसरं, पेट्रोलात आता शिसं नाही. हेडचं काम करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवा. तिसरं, ऑइल. या इंजिनचे टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे भाग) सपाट तळाचे, कॅमवर घासत फिरणारे. आधुनिक गाड्यांच्या ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसचं प्रमाण कमी असतं आणि कॅमचे उंचवटे झिजून जातात. झिंक १००० ते १२०० पीपीएम असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं ऑइल घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना काय चुकतं?

कॅम जातो. कारण दोनच: कोरडं सुरू करणं आणि आयडलवर ठेवणं.

डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप घड्याळाच्या दिशेने फिरवा, सोळाही रॉकरांवर ऑइल येईपर्यंत. नुसता दांडा घालून फिरवू नका. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचं अंगच ऑइलच्या वाटेचा एक भाग पूर्ण करतं, ते नसेल तर एका बाजूच्या टॅपेटांना ऑइल पोचत नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरचे दात घासून केलेलं किंवा विकत मिळणारं प्राइमिंगचं साधन वापरा. कार्बोरेटरच्या वाट्या आधीच भरा, म्हणजे स्टार्टर दळत बसावं लागणार नाही. फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत ठेवा. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा थेट २००० वर. मग ऑइल आणि फिल्टर बदला. झेड/२८ चे टॅपेट सॉलिड, गरम इंजिनवर फट ०.०३० इंच, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना. टॅपेटचा टकटक आवाज येणारच, तो आजार नाही.

न वापरलेला जुना भाग की नव्याने बनवलेला?

‘एनओएस’ म्हणजे त्या काळी बनलेला, न विकला गेलेला भाग. ऐकायला छान, पण दोन पेच आहेत. गोदामातला सुटा भाग आणि लाइनवर बसलेला भाग नेहमी सारखे नसत. एकच मडगार्ड अनेक प्रकारांना चालावं म्हणून त्यात भोकं कमीजास्त असत. आणि पन्नास वर्षांचं रबर खोक्यातही म्हातारंच होतं. रबर, होज, ब्रेकचे सील नेहमी नवे. धातूचे दिसणारे भाग शक्यतो तुमचेच, दुरुस्त करून. नव्याने बनवलेली ग्रिल किंवा बिल्ले घेताना मूळ भागाशेजारी ठेवून कडांची जाडी आणि अक्षरांची खोली पाहा.

सगळं नवं, तरी दिवे मंद आणि काटे भलतेच. का?

अर्थिंग. नव्या रंगामुळे बोल्ट आणि पत्रा यांच्यात विजेचा संपर्कच होत नाही. प्रत्येक अर्थिंगच्या भोकाभोवतीचा रंग नाण्याएवढा खरवडा, इंजिन ते फायरवॉल ही पट्टी विसरू नका. नवा वायरिंग संच परत पाठवण्याआधी हे करा.

किरकोळ वाटणाऱ्या कोणत्या चुका लगेच पकडल्या जातात?

हेडरेस्ट: १ जानेवारी १९६९ पासून बनलेल्या गाड्यांना ते सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीला ते नसतील तर ते बरोबर आहे, उगाच बसवू नका. किल्लीची जागा या वर्षी डॅशबोर्डवरून स्टिअरिंग कॉलमवर आली. रॅली स्पोर्ट या प्रकारातल्या झाकलेल्या हेडलाइटांची दारं १९६७ मध्ये विजेवर चालत, १९६९ मध्ये व्हॅक्युमवर. त्या झाकणांत काचेच्या पट्ट्या आहेत, दारं अडकली तरी थोडा उजेड बाहेर यावा म्हणून. टायर: झेड/२८ ला ई७०-१५, एसएसला एफ७०-१४. होजला आजचे स्क्रूचे क्लॅम्प दिसले की परीक्षकाची पेन्सिल हलते.

गाडीचं परीक्षण कुठे करून घ्यावं?

शिकागोजवळ रोझमाँट इथे दर नोव्हेंबरमध्ये भरणारं ‘मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स’ हे या प्रकारातलं मोठं प्रदर्शन. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या मराठी मंडळींना ते गाडीच्या अंतरावर आहे. आपली गाडी नेण्याआधी एक वर्ष नुसते बघायला जा आणि गुडघ्यांवर बसून इतरांच्या गाड्यांच्या खाली पाहा.

अशी गाडी भारतात, समजा पुण्यात असेल तर नोंदणीचं काय?

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते, आयात केलेलीही. अट अशी की चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. म्हणजे रेस्टोमॉड अडचणीत येईल, मूळ रूपातली गाडी नाही. नंबर ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,०००. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. पाहणीच्या वेळी जुने-नवे फोटो आणि शिक्क्यांची नोंद बरोबर ठेवा, आणि डाव्या बाजूच्या स्टिअरिंगला हात लावू नका. ते उजवीकडे आणणं हाही फेरफारच.